लाल स्प्रिंगा आणि 1,18,000 चा चुना

तीन महिने लिहू की नको करत होतो, घरातसुद्धा खरा आकडा परवा सांगितला. आता लिहितोच, कारण ज्या गॅरेजवाल्याने फसवलं त्याच्याकडे अजून गाड्या उभ्या दिसतात.

आमच्या सात सीटर एसयूव्हीला दोन इंचाचं लिफ्ट किट (गाडी उंच करायचं सामान) आणि मोठे टायर बसवून घेतले. किट म्हणजे चार नव्या स्प्रिंगा आणि चार शॉकअब्जॉर्बर, 62,000. चार टायर 48,000. फिटिंग आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) 8,000. एकूण 1,18,000, त्यातले 80,000 आधी आणि 38,000 गाडी घेताना दिले. मिळालं काय, तर माझ्याच जुन्या स्प्रिंगांना लाल रंग, त्यावर स्पेसर (उंची वाढवायला मध्ये घालतात तो ठोकळा), शॉकअब्जॉर्बर पण जुनेच रंगवलेले, आणि 2016 सालचे टायर.

शौक म्हणून केलं नव्हतं हो. सगळे बसले की गाडी मागून खाली बसायची, खराब रस्त्याला पोट घासायचं, आणि मागच्या सीटवर आई असते. चार ठिकाणी विचारून गेलो होतो, आणि हा काही सगळ्यात स्वस्तही नव्हता.

ज्या क्षणी कळायला हवं होतं तो रोज आठवतो. गाडी घ्यायला गेलो, फोटो काढायला चाकाच्या आत वाकलो, स्प्रिंगला हात लागला आणि बोट लाल झालं. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "साहेब, नवीन कोटिंग आहे, सेट व्हायला दोन दिवस लागतात." आणि मी बोट फडक्याला पुसलं!! कंपनीतून आलेल्या स्प्रिंगचा रंग हाताला लागतच नाही, आणि शेजारच्या ब्रेकच्या पाइपवर पण लाल शिंतोडे होते, ते माझ्या फोटोत आजही दिसतात. जुन्या स्प्रिंगा मागितल्या तर म्हणे भंगारात गेल्या. कशा जातील, गाडीतच होत्या ना. जुने पार्ट परत देणार का हे काम सुरू व्हायच्या आधी विचारा, नाही म्हणाला तर तिथूनच गाडी काढा.

मी टेपने मोजलं होतं, तेच तर दुखतं. दोन इंच बरोबर भरले. नंतर दुसऱ्या मेकॅनिकने समजावलं की असल्या गाडीत पुढे स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअब्जॉर्बर एकत्र असतो तो भाग) डोक्यावर इंचभराचा स्पेसर टाकला तरी गाडी जवळजवळ दोन इंच उचलते, स्प्रिंग बदलावी लागत नाही. म्हणजे उंची खरी, माल खोटा. आणि जमिनीपासून कधी मोजू नका, चाकाच्या मधोमधपासून वरच्या कमानीपर्यंत मोजा, कारण उंची टायरनेही वाढते. माझ्या टायरचा साइझ 265/65 आर 17 चा 265/70 झाला, व्यास 776 मिमीचा 803, त्यामुळे फरकाच्या निम्मे, म्हणजे 13 मिमी तिथेच वाढले. स्पीडोमीटर 100 दाखवतो तेव्हा गाडी 103 ला असते हेही कोणी सांगितलं नाही.

900 किमी झाल्यावर स्टीअरिंग पूर्ण वळवलं की टकटक यायला लागली, आणि हायवेला गाडी सरळ चालेना, सारखी धरून ठेवावी लागायची. दुसरीकडे लिफ्टवर चढवली तर एक्सलच्या सांध्यावरचं रबरी आवरण (बूट) फाटून ग्रीस चहूकडे उडालेलं. अलाइनमेंट केलीच नव्हती. (प्रिंट मागा, आधीची आणि नंतरची दोन्ही. मला तोंडी "झाली" सांगितलं.) टायरवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. बऱ्याच टायरवर तो पूर्ण कोड एकाच बाजूला असतो आणि याने चारही टायर ती बाजू आत करून बसवलेले. 1916. म्हणजे 2016 चा 19 वा आठवडा, आणि मी घेतले 2024 मध्ये. वरून पॉलिश मारून काळेभोर केले होते. पोरं बसतात हो त्या गाडीत. दुरुस्तीला 23,400 वेगळे गेले.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस म्हणाले, हा पैशाचा व्यवहार आहे, ग्राहक तक्रारीत जा. तिथे म्हणाले बिलावर फक्त "सस्पेन्शन काम व टायर" लिहिलंय, नवीन स्प्रिंग कुठे लिहिलीय? परिवहन ऑफिसात गेलो तर उलट मलाच विचारलं, बदल करायची परवानगी होती का, म्हणजे चोर मी! विमा कंपनीला फोन केला तर आधी कळवलं का नाही म्हणून वेगळं ऐकवलं. चार दारं, प्रत्येकाने पुढचं दार दाखवलं, आणि तीन महिन्यांत एकाही माणसाने खाली वाकून गाडी बघितली नाही. मी परवानगी घेतली नाही ही माझी चूक, मान्य. पण त्याने आठ वर्षांचं रबर नवीन म्हणून विकलं, तो गुन्हा कोणाच्या टेबलावर येतो?

बिलात प्रत्येक पार्ट नंबरसकट लिहून घ्या. फिटिंग चालू असताना तिथे उभे राहा, "आत यायला परवानगी नाही" म्हणाले तर समजून जा.

टायर काढून ठेवलेत, विकलेले नाहीत, पुरावा म्हणून. स्प्रिंगांवरचा लाल रंगही खरवडू दिला नाही, फक्त एका ठिकाणी नखाएवढा काढला, तिथे खाली कंपनीचा जुना काळा रंग आणि गंज दिसतो. त्याचे फोटो तक्रारीला जोडलेत, आता पुढच्या तारखेची वाट बघतोय.