पेपर फुटतो तसा बिल्ड फुटला: टेस्टिंग ट्रॅक, इंटिग्रिटी आणि एक महागडं कवच

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी भाचा मोदक खाता खाता म्हणाला, "मावशी, तुझा गेम आमच्या क्लासच्या ग्रुपवर आलाय. किल्ल्याची लेव्हल भारी आहे हं." माझ्या हातातला मोदक हातातच राहिला. किल्ल्याची लेव्हल दिवाळीच्या आधी कुणाला दिसायचीच नव्हती.

आमचा स्टुडिओ म्हणजे ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्याचा पोटमाळा. खाली पावडर कोटिंग चालतं, वर आम्ही तिघं. मी कोड आणि टेस्टिंग बघते, एक जण चित्रं काढतो आणि तिसरी व्यक्ती आवाज आणि हिशोब असं दोन्ही बघते. आट्यापाट्यांवर अँड्रॉइडचा गेम करतोय, युनिटी या गेम बनवायच्या साधनात. टेस्टर ३४. त्यात नातेवाईक आले, कॉलेजचे मित्र आले, ऐरोली-महापेला नोकरी करणारे जुने सहकारी आले आणि सोसायटीतले दोघं आले. या सगळ्यांना मी एपीके फाइल (फोनवर थेट टाकता येणारा तयार गेम, म्हणजेच बिल्ड) व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवत होते. हसा, हरकत नाही. त्या फाइलमध्ये डीबग मेन्यू, म्हणजे आमच्या चाचणीसाठीचा छुपा मेन्यू, चालू होता. कोपऱ्यात तीनदा टॅप केलं की सगळ्या लेव्हल उघड्या.

फाइल ग्रुपवरून एका फुकट एपीकेच्या साइटवर गेली आणि तिथून यूट्यूबवर किल्ल्याच्या लेव्हलचा व्हिडिओ आला. कुणी फोडली? ३४ जणांकडे हुबेहूब एकच फाइल, त्यामुळे शोधायला जागाच नाही. त्या आठवड्यात मी आरतीला उभ्या असलेल्या प्रत्येक नातेवाइकाकडे पोलिसासारखी बघत होते, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं.

त्यानंतर सहा-सात महिन्यांत जे जे वापरलं, त्याचं हे परीक्षण. दोन-तीन माणसांच्या स्टुडिओसाठी आहे. मोठ्या कंपन्यांकडे यासाठी वेगळी माणसं असतात.

आधी गूगलच्या फायरबेसचं ॲप डिस्ट्रिब्यूशन. वाटपासाठी झकास. ईमेलने आमंत्रण जातं, टेस्टरांचे गट करता येतात, नवीन बिल्ड चढवला की पाच मिनिटांत लोकांच्या हातात. पैसे लागत नाहीत. चढवलेला बिल्ड १५० दिवसांनी तिथून आपोआप निघतो. पण शेवटी टेस्टरच्या फोनमध्ये उतरते ती एपीके फाइलच, आणि ती पुढे ढकलणं फोटो ढकलण्याइतकं सोपं. कुणी आमंत्रण स्वीकारलं, कुणी बिल्ड उतरवला, एवढं कळतं. उतरवल्यावर त्याचं काय केलं, ते कळत नाही. हा दोष म्हणता येणार नाही, कारण ते साधन त्यासाठी नाहीच. आम्ही तिघांच्या आपापसातल्या रोजच्या बिल्डसाठी अजून तेच वापरतो.

बाहेरच्या टेस्टरांसाठी गेलो प्ले कन्सोलवर, म्हणजे प्ले स्टोअरवर ॲप चढवायच्या गूगलच्या साइटवर. इंटर्नल टेस्टिंग या छोट्या गटाच्या ट्रॅकला १०० जणांची मर्यादा आहे, आमच्यासाठी चंगळ. क्लोज्ड टेस्टिंग या मोठ्या पण बंद ट्रॅकमध्ये ईमेलच्या याद्या किंवा गूगल ग्रुप जोडता येतात. लिंक कुणी पुढे पाठवली तरी ज्याचं खातं यादीत नाही त्याला आत शिरता येत नाही. व्हॉट्सॲपच्या मानाने हा म्हणजे थेट सोसायटीचा वॉचमन. शिवाय टेस्टरांचे अभिप्राय खासगीत आपल्याला येतात, स्टोअरवर जाहीर होत नाहीत.

त्रास वेगळाच निघाला. आपल्याकडे एका फोनमध्ये तीन-तीन गूगल खाती असतात: एक ऑफिसचं, एक स्वतःचं, एक मुलाच्या शाळेसाठी काढलेलं. यादीत एक ईमेल आणि प्ले स्टोअर उघडलेलं दुसऱ्याच खात्यावर. पहिल्या आठवड्यात "अगं, ॲप सापडतच नाही" असे फोन मी मोजायचे थांबवले. माझ्या सासऱ्यांना खातं बदलायला शिकवताना भात करपला. त्यामुळे आता आमंत्रणासोबत खातं कसं बदलायचं त्याचा एक मिनिटाचा व्हिडिओ पाठवते.

एक गोष्ट मात्र नव्याने सुरुवात करणाऱ्यांना ठासून सांगायची आहे. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक डेव्हलपर खात्याला गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी क्लोज्ड टेस्ट सक्तीची आहे. आधी २० टेस्टर लागायचे, डिसेंबर २०२४ पासून १२ लागतात, आणि तेही सलग १४ दिवस टिकले पाहिजेत. या नियमामुळे टेस्टर विकणाऱ्यांचा धंदा उभा राहिला आहे. अमुक रुपयांत १२ जण, दोन आठवड्यांची हमी. म्हणजे अनोळखी १२ माणसांच्या हातात आपला न निघालेला गेम, आणि वर पैसेही आपलेच. मला पैसे देऊन चोर बोलवायचे नाहीत. बारा माणसं जमत नसतील तर शेजारीपाजारी, जिमवाले, भिशीतल्या बायका, कुणीही चालेल. निदान चेहरा तरी माहीत असतो.

आता मुख्य पाहुणा, प्ले इंटिग्रिटी. सोप्या भाषेत सांगायचं तर गेम सुरू होताना आमचा सर्व्हर विचारतो की हा गेम खरंच आमचाच आहे का, आणि या माणसाला तो प्ले स्टोअरवरून मिळालाय का. उत्तर गूगलकडून सीलबंद येतं. कुणी फाइल उघडून बदलली, स्वतःच्या सहीने परत बांधली, तर 'ओळखीचं नाही' असं येतं. मित्राकडून फाइल घेऊन टाकली असेल तर परवाना नाही असं येतं. रोजच्या १०,००० विचारणा मूळ मर्यादेतच मिळतात. आमचे टेस्टर सगळे मिळून दिवसाला पाचशेही करत नाहीत.

इथे एक चूक सगळे करतात, मीही केली. उत्तर गेमच्या आतच तपासलं. जो माणूस फाइल उघडणार आहे तो ती तपासणीही काढून टाकणारच ना? कुलूप लावून किल्ली पायपुसण्याखाली ठेवण्यातला प्रकार. उत्तर सर्व्हरवर उघडायचं आणि लेव्हलचा डेटा तिथूनच द्यायचा किंवा नाकारायचा, तरच या सगळ्याला अर्थ आहे. त्यासाठी सर्व्हर लागतो हे खरं. आमचा छोटासा आहे, महिन्याचा खर्च मिसळीच्या चार प्लेटांच्या आसपास.

इंटिग्रिटी फोनबद्दलही मत देतं: फोन रूट केलेला (मूळ कुलूप काढून पूर्ण ताबा घेतलेला) आहे का, सिस्टीम मूळची आहे का, वगैरे. ते मत आम्ही ऐकत नाही. आमचा सगळ्यात चांगला टेस्टर कोपरखैरण्याचा, जुन्या फोनवर स्वतःच टाकलेली रॉम, म्हणजे वेगळी सिस्टीम, वापरतो, आणि निम्मे बग त्यानेच शोधलेत. त्याला बाहेर काढून मी काय कमावणार? परवान्याचं उत्तर मात्र कडक पाळतो. ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये रबाळे-घणसोलीच्या पट्ट्यात नेट कधी जातं, कधी येतं, म्हणून एकदा उत्तर मिळालं की २४ तास चालू द्यायचं, असा नियम केला. आणि स्वतःच्या केबलने चढवलेले बिल्ड अडकतात म्हणून कन्सोलमध्ये आमच्या तिघांच्या खात्यांना ठरावीक चाचणी-उत्तर लावून ठेवलंय. इंटिग्रिटीला पाचपैकी साडेचार गुण. अर्धा कमी, कारण पहिल्यांदा सगळं जोडायला मला तीन रविवार लागले.

आता कवच. एका कंपनीने आम्हाला 'ॲप शील्ड' विकलं, नाव सांगत नाही. वर्षाला साठ हजार आणि वर जीएसटी. गेम त्यांच्याकडे चढवायचा, ते गुंडाळून परत देणार, मग म्हणे कुणाला फोडता येणार नाही. गुंडाळलेला गेम ३ जीबी रॅमच्या फोनवर उघडायला चार सेकंदांवरून नऊ सेकंदांवर गेला. दोन फोनवर तर उघडायच्या आधीच बंद पडायचा. तक्रार केली की उत्तर एकच: "लॉग पाठवा." लॉग पाठवले. पुन्हा "लॉग पाठवा." पैसे परत मिळाले नाहीत. ज्यांच्या गेममध्ये खऱ्या पैशांचे व्यवहार आहेत त्यांना कदाचित अशा गोष्टीची गरज असेल, आट्यापाट्यांना नव्हती.

खरं तर फुकटातल्या गोष्टींनीच जास्त वाचवलं. आमचा फुटलेला बिल्ड घाईत मोनोवर (युनिटीची कोड बांधायची एक पद्धत) काढलेला होता. मोनोमध्ये आपला सी शार्प भाषेतला कोड एका डीएलएल फाइलमध्ये जवळजवळ जसाच्या तसा बसलेला असतो आणि बाजारात फुकट मिळणाऱ्या साधनांनी वाचता येतो, अगदी फंक्शनच्या नावांसकट. मी 'तात्पुरतं_लाज_वाटते' नावाचं फंक्शन लिहिलं होतं, तेही. आयएलटूसीपीपी या युनिटीच्या दुसऱ्या पद्धतीवर गेलं की कोड सी प्लस प्लसमधून यंत्रभाषेत जातो. कोडमधल्या क्लासची नावं तरीही मेटाडेटाच्या फाइलमधून उकरता येतात, पण निदान कोड पुस्तकासारखा उघडा पडत नाही. बिल्डला वेळ मात्र लागतो. आमचा लॅपटॉप तेवढ्या वेळात पोळी भाजेल इतका तापतो.

डीबग मेन्यू आता टेस्टरांच्या बिल्डमध्ये जातच नाही, कंपाइल होतानाच गळतो. आणि किल्ल्यासारख्या लेव्हल ॲड्रेसेबल्समधून (गेमचे भाग नंतर उतरवायची युनिटीची सोय) सर्व्हरवर ठेवल्यात. ज्या दिवशी दाखवायच्या त्या दिवशी फोनवर उतरतात. जे फाइलमध्ये नाहीच, ते फाइलमधून कोण काढणार?

फायरबेसच्या रिमोट कॉन्फिगने (गेमची सेटिंग दुरून बदलायची सोय) बिल्ड बंद करायचा खटका केला, त्याची गंमत सांगते. दुपारी खटका दाबला, संध्याकाळी माझ्याच फोनवर गेम मजेत चालू. मूळ सेटिंगमध्ये नवीन माहिती १२ तासांत एकदाच आणली जाते, हे मी वाचलंच नव्हतं. टेस्टरांच्या बिल्डला तो अवधी कमी करून ठेवा.

अँड्रॉइडचा फ्लॅग सिक्युअरही लावून पाहिला. त्याने स्क्रीनशॉट घेताच येत नाही किंवा काळा येतो, आणि रेकॉर्डिंग काळं येतं. दोन दिवस मी खूश होते. मग टेस्टरांचे मेसेज सुरू झाले: "बग आहे, फोटो पाठवलाय," आणि फोटो कोळशासारखा काळा. तिसऱ्या दिवशी तो काढला आणि गेममध्येच 'तक्रार' असं बटण दिलं. ज्याला लीकच करायचंय तो दुसऱ्या फोनने समोरून शूट करतोच.

आणि मग ते साधंसं काम, जे मला अगदी शेवटी सुचलं. प्रत्येक टेस्टरचा क्रमांक फिकट अक्षरांत स्क्रीनवर. एका जागी नाही. दर ४० सेकंदांनी कोपरा बदलतो, कधी मैदानाच्या मध्यावरून सरकतो. लिहायला एक दुपार लागली.

जानेवारीत पुन्हा एक व्हिडिओ आला. करणाऱ्याने खालची पट्टी कापली होती, म्हणजे अंदाज होता गड्याला. पण पावणेदोन मिनिटांवर मैदानाच्या बरोब्बर मधून '१७' चालत गेला. यादीत १७ म्हणजे आमच्याच सोसायटीतले, तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त काका.

संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. काकूंनी चहा टाकला. काकांना व्हिडिओ दाखवला तर त्यांनी चष्मा वर करून तो दोनदा पाहिला आणि आतल्या खोलीत हाक मारली. नातू बाहेर आला, मला बघून परत आत गेला. "अगं, मला दोन पाट्या पार करता येईनात," काका म्हणाले, "म्हणून त्याला म्हटलं, तू खेळ. त्याला तीनशे लाइक मिळाले म्हणे." आवाजात कौतुक होतं, ते त्यांनी लपवलंही नाही.

व्हिडिओ त्याच रात्री निघाला. काका अजून यादीत आहेत. फक्त १७ नंबरला नवीन बिल्ड बाकीच्यांपेक्षा एक आठवडा उशिरा मिळतो. काल लिफ्टमध्ये भेटले तेव्हा विचारत होते, "माझ्याकडे अपडेट का नाही गं आलं अजून?"