भुसावळात गच्चीवर ३ किलोवॉट सोलर: एका वर्षाचा अनुभव

दीपनगरच्या औष्णिक केंद्रात मी ३१ वर्षं कोळशाच्या विभागात काढली. रेल्वेच्या वाघिणी रिकाम्या करायच्या, बेल्ट थांबू द्यायचे नाहीत, पावसाळ्यात ओला कोळसा बंकरमध्ये, म्हणजे बॉयलरच्या कोळशाच्या कोठीत, अडकला की मोकळा करायचा. मी सोलर बसवतोय म्हटल्यावर गल्लीत सगळ्यांनी विचारलं, "भाऊ, तुम्ही?" हो, मीच. कोळसा किती जातो ते मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणूनच.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ५४० वॉटची ६ पॅनल बसवली. उंच स्ट्रक्चर धरून खर्च १,९५,००० रुपये आला. पीएम सूर्यघर योजनेची ७८,००० सबसिडी नंतर थेट खात्यात जमा झाली. त्यासाठी पॅनल भारतात बनलेलीच लागतात, बिलावर 'डीसीआर' लिहिलंय का ते पाहून घ्या.

उंच स्ट्रक्चर हा आमच्या सौभाग्यवतींचा हट्ट. "बिबडे कुठं वाळत घालू? पापड, कुरडया?" असं तिनं विचारलं आणि मला तिचंच बरोबर वाटलं. फाल्गुन-चैत्रात खान्देशातली गच्ची ही बायकांची असते. आता पॅनल सात फुटांवर आहेत. खालच्या सावलीत ती ज्वारीचं पीठ हाटते, उन्हाच्या बाजूला बिबडे घालते. वरच्या खोलीचा स्लॅबही पूर्वीइतका तापत नाही. पण उंच करायचं तर पाइप जाड आणि पाया पक्का हवा. रावेर-यावलकडे जे वादळ केळीच्या बागा आडव्या करतं, ते गच्चीवरचं काय ठेवील?

बसवणाऱ्याचं नाव लिहीत नाही, पण त्याची एक चूक सांगतोच. पॅनलकडची डीसी बाजू, घराकडची एसी बाजू आणि आभाळातल्या विजेपासून वाचवणारा वीजरोधक यांना वेगवेगळं अर्थिंग लागतं. त्यानं तिन्ही तारा एकाच खड्ड्यात सोडल्या होत्या. "सगळीकडे असंच करतो काका," म्हणाला. मी शेवटचा हप्ता थांबवला, तेव्हा तीन खड्डे झाले. ज्याला यातलं कळत नाही त्या घरी काय होत असेल, याची मला खरंच काळजी वाटते. नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारं मीटर, बसायला आणखी पाच आठवडे गेले.

आता वीज. आपल्याकडे समज असा की जितकं ऊन तितकी वीज. तसं नाही. पॅनलला उजेड लागतो, उष्णता सोसत नाही. पॅनल तापलं की प्रत्येक वाढत्या अंशाला थोडी वीज घटते. माझी फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवसाला १५ युनिट निघाली. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला आणि आकडा साडेबारावर आला, त्यात धूळ वेगळी. पॅनल पहाटे धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. जुलैत ढगांमुळे सात-आठ युनिटच मिळाली. तरी वर्षाची सरासरी १३ च्या आसपास आहे आणि बिल बहुतेक महिने दोनशेच्या आत.

लाइट गेली की सोलरही बंद पडतं, हे मात्र आधीच समजून घ्या. तो बिघाड नाही. तुमच्या छतावरची वीज बंद लाइनवर गेली तर खांबावर चढलेला वायरमन जिवानिशी जाईल, म्हणून सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात चालेल अशी करणारा डबा, आपोआप थांबतो. तेवढ्या वेळात कूलर हवा असेल तर बॅटरी लागते आणि तिचा खर्च वेगळा.

मी हिशोब कोळशात करतो, सवयच तशी. एका युनिटला साधारण ६५० ग्रॅम कोळसा धरला तर माझी गच्ची रोज आठ-साडेआठ किलो वाचवते. एक घमेलं. वाघिणीत ६० टन मावतात. म्हणजे एक वाघीण वाचवायला मला वीस वर्षं लागतील, आणि ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण भारावर दिवसाला दोन रेक, म्हणजे कोळशाच्या दोन अख्ख्या मालगाड्या, खातो. २०१३ मध्ये साक्री तालुक्यात शिवाजीनगरला १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प सुरू झाला तेव्हा आम्ही शिफ्टमध्ये म्हणायचो, ढग आला की बसतील. आज मला वाटतं, सबसिडी पॅनलवर देता तशी बॅटरीवरही द्या. आमच्या भुसावळात रात्री अकरालाही भिंती तापलेल्या असतात आणि घरोघरी कूलर-एसी चालू असतात. खरी ओढ तेव्हाची आहे.

घ्यावं का? स्वतःची गच्ची असेल, सावली पडत नसेल आणि महिन्याला दोनशे-अडीचशे युनिट जात असतील तर जरूर घ्या. अर्थिंग स्वतः उभं राहून पाहा.

मी बॅटरीचे भाव काढतोय. मे महिन्यात सातच्या सुमारास इन्व्हर्टरचा आकडा शून्यावर येतो, ही खाली कूलर लावते, मीटर उलट्या दिशेनं मोजायला लागतं. त्याच वेळी दीपनगरला संध्याकाळच्या पाळीतला पोरगा बंकरची पातळी बघत असतो.