फोटोबुक झकास छापतात, मराठी मात्र डोळ्यात तेल घालून तपासा

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सातजण मिरज, धारवाड, हुबळी, कुंदगोळ असं फिरून आलो आणि आल्यावर तीन दिवसांत ग्रुपवर आठ-नऊशे फोटो पडले, त्यातले निम्मे टेंपो ट्रॅव्हलरच्या खिडकीतून काढलेले आणि उरलेल्यांतल्या शंभरेक फोटोंत कुणाचे ना कुणाचे डोळे मिटलेले. सातजण म्हणजे नातेवाईक वगैरे नाही हं. पुण्याच्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवात, म्हणजे आमच्या सवाईला, भारतीय बैठकीत वर्षानुवर्षं एकाच कोपऱ्यात बसून ओळखी झालेली माणसं. आधी नुसतं 'जरा सरकता का', मग थर्मासमधला चहा, मग फोन नंबर, मग एकदम सहल.

जे आले नव्हते त्यांना सगळं दाखवायचं होतं. मागच्या वेळी ग्वाल्हेरहून आलो तेव्हा प्रोजेक्टर भाड्याने आणला होता, अंधार केला आणि विसाव्या फोटोला दोन काका चक्क घोरायला लागले. म्हणून यंदा म्हणलं फोटोबुक करू, हातात घेऊन बघता येईल असं. नारायण पेठेत एका जिन्यावर लग्नाचे करिझ्मा अल्बम करणारं दुकान आहे, तिथे गेले. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि त्यातल्या काही चुका आमच्याही आहेत.

मालक बोलायला छान. घाई नाही, 'ताई, बसा, आधी फोटो बघू' म्हणाले. आठ बाय बारा इंचाचं, चाळीस पानी, मॅट लॅमिनेशन, जाड कव्हर, असं सगळं मिळून दोन हजार आठशे. मला आधी जास्त वाटले पण सातजणांत चारशे-चारशे पडले, तेवढे तर आपण हुबळीला एका वेळच्या जेवणाला दिले होते.

पहिला धडा तिथेच मिळाला. मी ग्रुपवरूनच उतरवून घेतलेले फोटो पेन ड्राइव्हवर घेऊन गेले होते. मालकांनी एक फोटो मोठा केला आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. ग्रुपवर साधा टाकलेला फोटो आकसून लांबीला सोळाशे पिक्सेलच्या आसपास येऊन बसतो, आणि बारा इंच छापायचं तर इंचाला तीनशेच्या हिशोबाने छत्तीसशे लागतात. म्हणजे निम्म्याहून कमी. मग सगळ्यांना फोन करून मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ईमेल करा, अशी विनवणी. बँकेतून रिटायर झालेल्या काकांनी तर फोनच आणून दिला, 'तूच काढ बाई यातून काय ते' म्हणाले. यात आठवडा गेला, पण दुकानदाराने इथे अडवलं ते बरं केलं, दुसरा कुणी गपचूप छापून मोकळा झाला असता.

छपाईबद्दल मात्र पैकीच्या पैकी. मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत आम्ही दीड तास होतो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले वाळवलेले भोपळे छताला टांगलेले, खाली तूण लाकडाचा भुसा, आणि एक आजोबा तंबोऱ्याची जवारी लावत होते, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून आवाज खुलवत होते. घोडीवर कानस अगदी हलकी फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, परत कानस. मग तारेखाली सुती दोरा सरकवायचा, तो केसभर इकडेतिकडे झाला तरी आवाज एकतर बंद नाहीतर भसाडा. आणि नेमक्या जागी आला की तार एकदम उघडते, खोली भरून जाते. तो फोटो आमच्यातल्या एका मावशीने खिडकीच्या उजेडात काढलाय, आणि छपाईत आजोबांच्या नखाखाली अडकलेला भुसासुद्धा दिसतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, ते मी खाली बारीक अक्षरात लिहिलंय. मॅट कागद असल्याने बोटांचे ठसे पडत नाहीत, हातोहात फिरणाऱ्या पुस्तकात हे फार महत्त्वाचं.

पण याच फोटोचं वाटोळंही झालं. फोटो दोन पानांवर पसरून घेतला आणि बायंडिंगची घडी बरोब्बर घोडीवर! म्हणजे ज्या गोष्टीसाठी फोटो घेतला तीच शिवणीत गेली. कानस डाव्या पानावर, तारा उजव्या पानावर, जवारी गायब. विचारल्यावर मालक म्हणाले की सपाट उघडणारं ले-फ्लॅट घेतलं असतं तर असं झालं नसतं, सहाशे जास्त लागतात. अहो मग आधी सांगायचं ना! लग्नाच्या अल्बमवाल्यांना हे रोजचं असतं, घडीत नवरीचं नाक जाऊ नये म्हणून तिथे बघून लावतात, आमची घोडी गेली तर कुणाला काय.

आता मराठीचं. प्रत्येक पानावर दोन-तीन ओळी हव्या होत्या, कारण फोटो बघून आमची माणसं गप्प बसत नाहीत, त्यांना कुठे, कधी, कोण सगळं लागतं. मी व्यवस्थित युनिकोडमध्ये टाइप करून दिलं. पीडीएफ प्रूफ आलं तर जोडाक्षरं सगळी मोडलेली. 'गंधर्व'चा रफार उतरून 'गंधर् व', धारवाडला गायक मल्लिकार्जुन मन्सूरांचं घर बघितलं त्याचं नाव 'मृत्युंजय', ते झालं 'मृत् युंजय', आणि ऱ्हस्व वेलांट्या अक्षर सोडून पुढे पळालेल्या. मुलाला फोन केला तर तो म्हणाला डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांचं सेटिंग वेगळं लावावं लागतं, ते लावलेलं नसणार. दुकानातल्या डिझायनर पोराला सांगितलं, त्याने लावलं, दोन मिनिटांत झालं. पण अल्बममध्ये इतकी वर्षं 'चि.सौ.कां.' छापणाऱ्यांना हे माहीत नसावं? लोक तपासतच नसतील बहुतेक. दुसरं प्रूफही नीट वाचा, कारण माझ्या दुसऱ्या प्रूफात हुबळीच्या पानावर गायिका गंगूबाई हनगलांच्या नावाखाली धारवाडच्या पेढ्याच्या दुकानाची रांग आली होती. वेळीच दिसलं म्हणून बरं, नाहीतर मला सवाईत तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

कुंदगोळची पानं सगळ्यात जास्त घेतली, आठ. तिथला नाडिगेर वाडा म्हणजे आमच्यासाठी पंढरपूरच म्हणा. अब्दुल करीम खाँसाहेबांकडे रामभाऊ कुंदगोळकर शिकले, तेच पुढे सवाई गंधर्व, आणि मग त्यांच्याकडे इथे गंगूबाई हुबळीहून आगगाडीने शिकायला यायच्या. 1952 ला सवाई गंधर्व पुण्यात वारले आणि 1953 पासून भीमसेनजींनी गुरूच्या नावाने जो महोत्सव सुरू केला त्याच्याच मांडवात आम्ही सातजण एकमेकांना भेटलो, त्यामुळे वाड्याच्या दारात सगळे एकदम गप्प झाले होते, बँकवाले काकासुद्धा. वाड्यातला उजेड कमी, लाकडी खांब काळपट, आणि डिझायनरने सगळ्या फोटोंना एकच 'ऑटो' मारून उजळवलं त्यामुळे पहिल्या प्रूफात वाडा नव्या रंगाच्या मंगल कार्यालयासारखा दिसत होता. परत मूळ रंगावर आणायला सांगितलं. केलं, कुरकुर न करता, तेवढं श्रेय द्यायलाच हवं.

वाड्यात संध्याकाळी आमच्यातल्या एकाने पंधरा मिनिटं आलापी केली, मोबाइलवर तानपुरा लावून. त्याचं रेकॉर्डिंग होतं. मालकांनीच सुचवलं की क्यूआर कोड टाकू, पान उघडायचं, फोन धरायचा, आवाज ऐकायचा. आयडिया जबरदस्त. फक्त तो कोड त्यांनी शोभेसाठी गडद चॉकलेटी पट्टीवर सोनेरी रंगात छापला आणि तो ट्यूबलाइटखाली कुठल्याच फोनला वाचता येईना. घरी दोन दिवस प्रयत्न करून शेवटी मी साधा काळा-पांढरा कोड कागदावर काढून वर डकवला. हे मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही, कोड चालतो का हे छापायच्या आधी बघायला एक मिनिट लागतं.

मग नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी सहकारनगरला एकांच्या हॉलमध्ये वीस-बावीस जण जमलो. पुस्तक एकच, माणसं बावीस, त्यामुळे तिघं-तिघं डोकं घालून बघत होते आणि बाकीचे मागून 'पुढचं पान नका उलटू हो' करत होते. घोरलं कुणी नाही. मिरजेच्या पानावर दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मजारीपाशी काढलेला फोटो बघून एक आजी, ज्या कधी फारशा बोलत नाहीत, त्या एकदम सांगायला लागल्या की त्यांच्या वडिलांनी त्यांना लहानपणी तिथल्या उरुसाच्या मैफलीला नेलं होतं आणि त्या पहाटेपर्यंत वडिलांच्या धोतराला धरून बसल्या होत्या. आम्ही इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसतोय, कधी कळलं नव्हतं.

आणि मग कुंदगोळचं पान आलं. खाली मी लिहिलं होतं, 'वाड्यात सायंकाळी मारवा'. आमच्यातले एक सर, क्लास घेतात, त्यांनी चष्मा वर केला. कोड लावला, ऐकलं, आणि म्हणाले, 'हा पूरिया आहे.' झालं! दोन्ही रागांत सूर तेच, कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम नाही, पण मारव्यात मुक्काम रिषभ-धैवतावर आणि पूरियात गंधार-निषादावर. अर्धे म्हणाले रिषभ बघा किती ठेवलाय, अर्धे म्हणाले सारखा निषादावर जाऊन बसतोय त्याचं काय. चहा गार झाला, रेकॉर्डिंग चार वेळा ऐकलं. शेवटी ज्याने गायलं त्यालाच विचारलं तर तो म्हणतो, 'सुरुवात मारव्याचीच केली होती, पुढे काय झालं मला माहीत नाही.'

तर कुणाला करायचं असेल तर जरूर करा, फक्त मूळ फोटो द्या, ले-फ्लॅटच घ्या, प्रूफ दोनदा वाचा, कोड स्वतःच्या फोनवर लावून बघा. वेळेचं म्हणाल तर दहा दिवस सांगून सोळाव्या दिवशी दिलं. पाचपैकी साडेतीन. चार दिले असते पण घोडी गेली ते अजून मनातून जात नाही.

दुसरी कॉपी आम्ही मागवली आहे, यावेळी ले-फ्लॅट. काल मालकांचा फोन आला, 'ताई, बाकी सगळं रेडी आहे, फक्त बत्तीस नंबरच्या पानाखाली काय ठेवू, मारवा का पूरिया?' मी म्हणलं दोन दिवस थांबा, सरांना विचारून सांगते.