तारे बघायला कास-चाळकेवाडीचं पठार की माणदेश?

साताऱ्यात आकाशदर्शनाचा विषय निघाला की पहिलं नाव येतं कासचं. उंची १,२०० मीटरच्या आसपास, शहरापासून साधारण २५ किलोमीटर, म्हणजे जेवून निघालं तरी चालतं. जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या माणदेशाचं नाव सहसा कुणी घेत नाही. दहिवडी-म्हसवडला रात्री काय बघायचं, असा सूर असतो. दोन्हीकडे मित्रांबरोबर गेल्यावर माझं मत असं झालंय की इथे उंचीला फार भाव देऊ नये. जे बघायचंय किंवा टिपायचंय ते त्या रात्री कुठल्या दिशेला असणार आणि त्या दिशेला कुठलं गाव पेटलेलं आहे, हे आधी बघावं.

आकाशगंगेचा मध्यभाग घ्या, कारण कॅमेरेवाल्यांना हवा असतो तोच. धनू-वृश्चिकेकडचा हा भाग मार्चमध्ये रात्री दीडच्या सुमारास आग्नेयेला उगवतो. कासवर उभं राहिलं तर पूर्वेला सातारा शहर, आग्नेयेला कराड आणि मधे महामार्ग. म्हणजे आकाशगंगा नेमकी या उजेडातूनच वर येते. कासच्या दक्षिणेकडे, पवनचक्क्यांच्या चाळकेवाडीच्या पठारावर गेलं तर सातारा ईशान्येला सरकतो, पण कराड-उंब्रज समोरच राहतात. शिवाय गळीत हंगाम संपेपर्यंत कृष्णाकाठावर उसाचा पाला पेटवल्याचा धूर असतो. तो क्षितिजालगत थर धरून बसतो आणि खालचे तारे गिळतो.

म्हसवडच्या बाजूला आग्नेयेला काय आहे? आटपाडी, सांगोला. छोटी गावं, तीही लांब. सातारा-कराड पाठीमागे पश्चिमेला राहतात. त्यामुळे फेब्रुवारी ते मे या काळात माणदेश सरळ पुढे आहे, यात मला शंका नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबरला पारडं फिरतं. आता तोच मध्यभाग संध्याकाळी नैर्ऋत्येला असतो आणि ऑक्टोबरअखेर नऊ-साडेनऊपर्यंत मावळतो. कासच्या त्या अंगाला कोयनेचं खोरं आणि जंगल. पलीकडे चिपळूण आहे, पण ते घाटाखाली, त्याचा त्रास कमी. अंधार पडल्यावर तास-दीड तास उत्तम मिळतो आणि रात्री अकराला माणूस घरी. नोकरीवाल्यांना हे जमणारं आहे.

दवाचं काय? इथे पठार मार खातं. महाबळेश्वरच्या पट्ट्यात वर्षाला ५,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, माणमध्ये जेमतेम ५००. पावसाळा सरल्यावरही पठाराच्या हवेतली ओल लवकर जात नाही. हिवाळ्यात मध्यरात्रीनंतर लेन्सवर दव धरतं आणि फोटो हळूहळू दुधाळ होत जातात. लेन्सला गरम ठेवणारा पट्टा आणि पॉवर बँक नसेल तर दर काही मिनिटांनी काच तपासत बसावं लागतं. माणदेशात थंडी कडक, पण कोरडी. वाराही पठारावर जास्त. तिथे पवनचक्क्या उभ्या केल्या त्या काही उगीच नाहीत! ट्रायपॉड थरथरला की वीस सेकंदांचा फोटो वाया. चाळकेवाडीला पवनचक्क्यांच्या माथ्यावरचे लाल दिवे रात्रभर उघडझाप करतात. एखाद्या फोटोत ते छान दिसतात, दहाव्या फोटोत नको होतात.

पावसाळ्यात मात्र दोन्हीकडे घरी बसावं. माणदेशात पाऊस नसतो, ढग असतात.

दक्षिणेचं आकाश हे आपल्याकडचं खरं धन. साताऱ्याचा अक्षांश साडेसतरा अंशांच्या जरा पुढे, त्यामुळे अगस्त्य तारा क्षितिजापासून जवळजवळ २० अंश वर येतो, त्रिशंकू (सदर्न क्रॉस) साधारण १२ अंश आणि नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ २५ अंशांपर्यंत. युरोपातल्या बहुतेक हौशी निरीक्षकांना तो घरून दिसतच नाही. आपल्याला एप्रिल-मेमध्ये साध्या १०×५० द्विनेत्रीतून धुरकट गोळ्यासारखा सापडतो. त्यासाठी दक्षिण क्षितिज मोकळं हवं, आणि माणचे उघडे माळ त्याला फार सोयीचे.

उत्तरेची अडचण ट्रॅकरवाल्यांना, म्हणजे ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारं यंत्र वापरणाऱ्यांना. ध्रुवतारा इथे फक्त १७-१८ अंशांवर असतो. शिखर शिंगणापूरच्या डोंगररांगेच्या दक्षिण पायथ्याशी बसलात तर तो डोंगराआड जाऊ शकतो, आणि त्याच्याशिवाय ट्रॅकरचा अक्ष जुळवणं म्हणजे डोकेफोड. दिवसाउजेडी जागा बघून, होकायंत्राने उत्तर तपासूनच सामान उतरवा. कासला माथा सपाट, तिथे ही भानगड नाही.

मुक्कामाचा हिशेब वेगळा. कास २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. पठारावर तंबू ठोकायचा, फुलांच्या पट्ट्यात ट्रायपॉड रोवायचा विचार सोडून द्या. आजूबाजूच्या हॉटेलांत राहता येतं, पण अंगणातले पांढरे दिवे बंद करायला मालकाला आधीच सांगावं लागतं. रात्री रस्त्यावर गवा आडवा येतो, तेव्हा गाडी हळू. माणदेशात ओळखीच्या कुणाचं शेत असेल तर त्याहून चांगली जागा नाही. वस्तीवरच्यांना आधी कळवा, नाहीतर मध्यरात्री बॅटऱ्या घेऊन गाव गोळा होईल. साप दोन्हीकडे, बूट घालाच. म्हसवडची रथयात्रा आणि शिंगणापूरची चैत्री यात्रा या तारखा टाळा. अंतर मात्र आहे: साताऱ्याहून दहिवडीच साठेक किलोमीटरच्या पुढे, म्हणजे मुक्काम आलाच.

म्हणून माझी निवड अशी. ग्रुपमध्ये नवखे, लहान मुलं असतील आणि शनीची कडी, कृत्तिका, मृगातला तेजोमेघ एवढंच दाखवायचं असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पठाराची बाजू. कॅमेरे घेऊन रात्र काढायची असेल तर मार्चच्या अमावास्येला माणदेश. दोन्ही हौशी एकाच रात्री भागवू नका. बघणाऱ्यांचे डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं घेतात आणि फोटोवाला दर मिनिटाला स्क्रीन उजळवतो, भांडण ठरलेलं. जायचंच असेल एकत्र, तर दोन्ही टोळ्यांत पन्नास पावलांचं अंतर, बॅटरीवर लाल जिलेटिन कागद आणि गाड्या आल्याआल्याच निघायच्या दिशेने वळवून लावलेल्या.

नवा कॅमेरा घ्यायची घाई नको. कॅमेऱ्यासोबत येणारी १८ मिलिमीटरची किट लेन्स, क्रॉप (लहान आकाराचा) सेन्सर, १५ ते १८ सेकंद, आयएसओ ३,२००, एवढ्यावर माणदेशात आकाशगंगा स्पष्ट येते. याहून जास्त सेकंद ठेवले तर तारे रेघाळतात.

सांगली-मिरजकरांनी एवढा वळसा घालायची गरज नाही. मिरजेजवळच्या दंडोबाच्या डोंगरावरून मिरजेचा उजेड पश्चिमेच्या अंगाला पडतो, म्हणजे मार्चमध्ये तो पाठीशीच राहतो. तिथेही वनक्षेत्र आहे, रात्री थांबता येईल का ते आधी विचारून घ्या. जतपर्यंत जाऊन कुणाच्या रानात बसायची सोय झाली तर दंडोबाही सोडा.