युटाची पाच नॅशनल पार्क, आईबाबांना घेऊन: सविस्तर रिव्ह्यू

आईबाबा भारतातून आले की नायगारा, न्यूयॉर्क, डिस्ने हे बहुतेकांचं ठरलेलं असतं. आम्ही ह्या वेळी व्हेगासला उतरून गाडी भाड्याने घेतली आणि अमेरिकेच्या युटा राज्याचं वाळवंट केलं, झायन, ब्राइस कॅन्यन, कॅपिटल रीफ, आर्चेस आणि कॅन्यनलँड्स. एप्रिलचा शेवट होता. दोघंही सत्तरीच्या आसपासचे, बाबांचा एक गुडघा दुखरा, आईला चालायचं काही वाटत नाही पण कड्याच्या टोकाशी जायची भीती. बरेच जण विचारतात की ह्या वयात झेपतं का, तर अगदी आरामात झेपतं, फक्त बसच्या पॅकेजने नेऊ नका. माझे सासूसासरे एका टूर कंपनीच्या बसने गेले होते, ब्राइसला त्यांना जेमतेम पाऊण तास दिला, त्यात बाथरूमची लाइन आणि ग्रुप फोटो, की चला बसा परत. एवढ्या लांब येऊन हे असं बघणं म्हणजे पैसे वाया. तिथली खरी मजा पार्कवाल्यांच्या स्वतःच्या शटल बस, सोप्या पायवाटा आणि रेंजर लोक ह्यात आहे आणि त्याला तिकिटाच्या वर एक डॉलर लागत नाही.

झायनपासून सुरुवात करते. साधारण मार्च ते नोव्हेंबर मुख्य दरीत स्वतःची गाडी नेता येत नाही, फुकट शटलने जायचं. ही शटल २००० सालापासून आहे आणि आता सगळ्या बस इलेक्ट्रिक आहेत, त्यामुळे दरीत हॉर्न नाही, धूर नाही, नदीचा आवाज ऐकू येतो. बसमध्ये चढउतार सोपी, ज्येष्ठांना काही त्रास नाही. शेवटच्या स्टॉपला उतरलात की रिव्हरसाइड वॉक, जाऊन येऊन दोन मैलांच्या थोडं वर, डांबरी आणि बऱ्यापैकी सपाट, बाबा काठी टेकत पूर्ण गेले. भर वाळवंटात कड्याच्या भिंतीवर नेचे उगवलेले दिसतात आणि पाणी ठिबकत असतं, कारण वरचा वाळूचा खडक चाळणीसारखा पाणी आत घेतो, खाली घट्ट थर लागला की ते पाणी पुढे जाऊ शकत नाही आणि भिंतीतून आडवं बाहेर पडतं. हा खडक म्हणजे ज्युरासिक काळातल्या वाळूच्या टेकड्याच, पूर्वेकडच्या रस्त्याला चेकरबोर्ड मेसा नावाच्या टेकडीपाशी तिरप्या रेघा दिसतात त्या तेव्हाच्या वाऱ्याने टाकलेल्या थरांच्या. एंजल्स लँडिंग ह्या उंच कड्यावर जायला २०२२ पासून परमिट लागतं, वर साखळ्या धरून चढायचं आहे, ज्येष्ठांना घेऊन त्या वाटेला जाऊच नका. गर्दी मात्र प्रचंड, सकाळी लवकर पोचला नाहीत तर पार्किंग विसरा, आणि बाहेरच्या स्प्रिंगडेल गावातली हॉटेलं महाग आहेत.

ब्राइस! ह्याच्यासाठी दोन रात्री ठेवा, हे मी ओरडून सांगेन. नाव कॅन्यन असलं तरी नदीने कापलेली दरी नाही ही, पठाराची कड झिजून झालेले मोठे मोठे अर्धगोल आहेत आणि त्यात हजारो दगडी सुळके उभे, केशरी, गुलाबी, मध्येच पांढरे, ह्यांना हूडू म्हणतात. हे घडवणारा कारागीर म्हणजे बर्फ. कड आठ ते नऊ हजार फुटांवर आहे, तिथे वर्षातले १५० च्या वर दिवस असे असतात की दुपारी बर्फ वितळून पाणी फटीत शिरतं आणि रात्री गोठतं, गोठताना फुगतं आणि दगडाला आतून फोडतं, हे रोज चालू. आम्ही सकाळी गेलो तेव्हा सावलीच्या बाजूला बर्फाचे पट्टे होते आणि उन्हाच्या बाजूला मधूनच बारीक खडे घरंगळल्याचा आवाज यायचा, म्हणजे जे काम लाखो वर्षं चालू आहे ते आपल्यासमोर होत असतं. आई त्या आवाजासाठी कितीतरी वेळ बाकावर बसून राहिली, बसच्या पाऊण तासात हे कसं मिळणार?

सनराइज पॉइंट ते सनसेट पॉइंट ही कडेकडेची वाट अर्धा मैल, फरसबंद, सपाट, आईबाबांसाठी एकदम योग्य. खाली उतरायचं असेल तर क्वीन्स गार्डनने उतरून नवाहो लूपने वर या. तरुण मंडळींनी हे कराच, पण वर येताना आठ हजार फुटांच्या आसपासची विरळ हवा जाणवते, दर वळणावर थांबायचं. आणि रात्री खोलीत बसू नका! २०१९ पासून ब्राइस अधिकृत डार्क स्काय पार्क, म्हणजे दिव्यांच्या उजेडापासून जपलेल्या आकाशाची जागा आहे, रेंजर लोक दुर्बिणी लावून आकाश दाखवतात तो कार्यक्रम असेल तर सोडू नका. बाबांनी लहानपणी गावाला पाहिलेली आकाशगंगा इतक्या वर्षांनी पुन्हा तशी पाहिली. एप्रिलमध्येसुद्धा रात्री कडाक्याची थंडी असते, कानटोपी, स्वेटर हवेच.

ब्राइसहून कॅपिटल रीफला हायवे १२ ने जा. एका ठिकाणी रस्ता अरुंद धारेवरून जातो, दोन्हीकडे खोल, कठडा नाही, आईने डोळे मिटून घेतले होते, पण रस्ता चांगला आहे, सावकाश चालवा. कॅपिटल रीफ अर्ध्या दिवसात होतं. तिथे १८८० च्या दशकात वस्ती केलेल्या मॉर्मन ह्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी लावलेल्या फळबागा अजून पार्कवाले सांभाळतात, सीझनला स्वतः तोडून फळं घेता येतात. आम्हाला मोहोरच मिळाला, पण तिथल्या गिफर्ड हाउस ह्या जुन्या घरात फळांचा पाय (pie) खाल्ला, उत्तम. शेजारी कड्यावर फ्रीमाँट ह्या इथल्या प्राचीन मूळ रहिवाशांनी कोरलेली चित्रं आहेत, लाकडी वाटेवरून जवळून दिसतात.

मग मोआब गाव. इथे मुक्काम ठोका, आर्चेस अगदी पाच मैलांवर आणि कॅन्यनलँड्सचा आयलंड इन द स्काय भाग पाऊण तासावर. आर्चेसमध्ये दोन हजारांच्या वर नैसर्गिक कमानी आहेत. बाबा राजगड, रतनगड केलेले, पहिली कमान दिसताच म्हणाले अरे हे तर नेढं (गडाच्या कड्याला असतं ते आरपार भोक)! आपला सह्याद्री लाव्हाचा, इथला प्रकार मात्र वेगळा, जमिनीखाली मिठाचा प्रचंड जाड थर आहे, जुना समुद्र आटून राहिलेला. वरच्या खडकाच्या वजनाने मीठ सरकतं, फुगतं, मग वरचा खडक समांतर भेगांनी चिरतो, उभ्या पातळ भिंती राहतात आणि त्या झिजून आरपार होतात. त्या पडतातही, २००८ मध्ये वॉल आर्च एका रात्रीत कोसळली. लँडस्केप आर्च ३०० फुटांच्या वर लांब आणि मध्ये इतकी बारीक की बघताना धास्ती वाटते, १९९१ मध्ये तिचा मोठा तुकडा पडल्यापासून खालची वाट बंद आहे. डेलिकेट आर्चपर्यंत जाऊन येऊन तीन मैल, उघड्या खडकावरून चढ, सावली शून्य, गुडघा दुखत असेल तर खालच्या व्ह्यू पॉइंटवरून लांबून बघा. विंडोज आणि डबल आर्च ह्या कमानी मात्र सगळ्यांना जमेल.

तिथली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली. वाटेच्या बाजूला काळपट, खडबडीत, ढेकळांसारखी माती दिसते. रेंजरबाईंनी आम्हाला गुडघ्यावर बसवून भिंगातून दाखवली आणि बाटलीने पाण्याचा फवारा मारला, बघता बघता त्यातलं शेवाळ हिरवं झालं! सायनोबॅक्टेरिया (उन्हावर अन्न बनवणारे सूक्ष्म जिवाणू), दगडफूल, शेवाळ मिळून झालेली ही जिवंत साय आहे, ती वाळू धरून ठेवते म्हणून इथे झाडंझुडपं टिकतात, आणि त्यावर एक पाय पडला तर भरून यायला कित्येक वर्षं लागतात. इतकं सांगूनही लोक फोटोसाठी वाट सोडून घुसतात, आपलेही लोक होते. प्लीज नका करू असं, मुलांनाही आधीच सांगून ठेवा.

कॅन्यनलँड्सला ग्रँड व्ह्यू पॉइंट संध्याकाळी करा. मेसा आर्चला सूर्योदयाला ट्रायपॉडवाल्यांची इतकी दाटी असते की धड उभं राहता येत नाही, तीच कमान दुपारी निवांत बघता येते.

आता कामाच्या गोष्टी. माणशी दिवसाला चार लिटर पाणी, हवा इतकी कोरडी की घाम लगेच वाळतो, कळतच नाही, शर्टवर नुसते मिठाचे डाग उमटतात, म्हणून तहान नसली तरी पीत राहा. व्हॅसलीन जवळ ठेवा, ओठ फुटतात. आर्चेसमध्ये खायला काहीही मिळत नाही, आमचे थेपले, चिवडा आणि दहीभात रोज कामाला आले. रेंज जाते, मॅप डाउनलोड करून ठेवा, टाकी अर्धी झाली की भरा. व्हेगासहून युटात शिरलात की घड्याळ एक तास पुढे जातं, बुकिंगच्या वेळा त्या हिशोबाने बघा. जुलै-ऑगस्ट टाळा, ऊन चाळीस डिग्रीपर्यंत जातं आणि लांब कुठेतरी पडलेल्या पावसाचा लोंढा अरुंद घळींमध्ये येतो.

पासचं नीट बघा. २०२६ पासून नॅशनल पार्कचा वार्षिक पास अमेरिकेत राहणाऱ्यांना ८० डॉलर आणि बाहेरच्यांना २५० आहे. पास नसेल तर झायन आणि ब्राइसला १६ वर्षं आणि वरच्या परदेशी पाहुण्याला नेहमीच्या तिकिटावर माणशी १०० डॉलर जादा, त्यामुळे आईबाबांचा हिशोब निघायच्या आधी पार्क सर्व्हिसच्या साइटवर बघून करा. मोआबजवळचा डेड हॉर्स पॉइंट स्टेट पार्क आहे, तिथे हा पास चालत नाही, वेगळे पैसे, पण कोलोरॅडो नदीचं ते वळण बघायला द्यावेत.

ब्राइसला पाच पैकी पाच, आर्चेसलाही पाच, झायनला गर्दीमुळे चार, कॅपिटल रीफला चार, कॅन्यनलँड्सला साडेचार. दिवस कमी असतील तर कॅपिटल रीफवरून नुसते पुढे जा पण ब्राइसची दुसरी रात्र कापू नका.