बारावी राहिली आणि नर्स व्हायचंय: जीएनएम की बीएस्सी?

मी नर्स आहे, म्हणून आमच्या इंदूरच्या रामबागेत कुणाच्या मुलीची शाळा सुटली की वर्ष-दोन वर्षांनी तिची आई माझ्याकडे येते. "हिला नर्सिंगला घालता येईल का गं?" मागच्या आठवड्यात आलेल्या काकूंनी सोबत एक पत्रकही आणलं होतं: दहावी पासवर प्रवेश, सहा महिन्यांत नर्स, नोकरीची हमी. मुलगी एकोणीसची. अकरावीत असताना वडिलांचं आजारपण निघालं आणि शाळा सुटली. आता साडीच्या दुकानात बिलं करते.

त्या पत्रकाचं आधी सांगते. सहा महिन्यांचा कोर्स म्हणजे फार तर जीडीए, म्हणजे रुग्णालयातल्या मदतनिसाचा: रुग्णाचं अंग पुसणं, चादर बदलणं, कुशीवर वळवणं शिकवणारा. काम प्रामाणिक आहे, पगारही लवकर सुरू होतो. घरात आजच पैसा हवा असेल तर मी नाक मुरडणार नाही. पण त्यावर नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळत नाही, आणि नोंदणी नाही तर दहा वर्षं वॉर्डात काढली तरी तुम्ही नर्स नाही. मी स्वतः सतराव्या वर्षी असल्याच एका ठिकाणी फी भरून बसले होते. चार महिन्यांनी डोळे उघडले, आणि दहावीची मूळ मार्कशीट परत मिळवायला पाच चकरा मारल्या. तेव्हापासून मूळ कागद कुणाच्या हातात ठेवते तर पावती घेऊनच.

खऱ्या वाटा तीन: एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) दोन वर्षांचं, जीएनएम (जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरीचा डिप्लोमा) तीन वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग ही पदवी चार वर्षांची. तिन्हींना बारावी लागते. "आमच्या वेळी दहावीवर एएनएम व्हायचं" असं सांगणाऱ्या आज्या आमच्या गल्लीत अजून आहेत. त्यांचं खरं आहे, पण ते दिवस गेले. म्हणजे पहिला प्रश्न बारावी कशी करायची हा.

परत नियमित शाळेत बसायला एकोणिसाव्या वर्षी बहुतेक मुली तयार नसतात. नोकरी सोडायची, धाकट्या पोरींबरोबर युनिफॉर्म घालायचा, हे नकोच असतं. मग राहते एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय, किंवा भोपाळचं राज्य मुक्त शाळा मंडळ. मी एनआयओएसमधून केली आणि नोकरी करणाऱ्या मुलीला तेच सांगते. कारण तिथे एकदा प्रवेश घेतला की पाच वर्षं आणि नऊ संधी असतात. परीक्षा वर्षातून दोनदा होते. यंदा दोन विषय, पुढच्या खेपेला तीन, असं तोडून देता येतं. मी इंग्रजी आणि गृहविज्ञान आधी उरकलं, बाकीचे तीन नंतर.

आता ज्या जागी मुली अडकतात ती जागा. फॉर्ममधला विषयांचा रकाना. एनआयओएसला पाच विषयांत एक भाषा चालते, आणि ती भाषा हिंदी असली तरी प्रमाणपत्र पक्कं मिळतं. सायबर कॅफेवाला "हिंदी सोपी" म्हणून तिच्यावर टिक करून देतो. मुलगी पास होते, पेढे वाटते आणि नर्सिंगच्या दारात कळतं की बारावीत इंग्रजी नाही. इंग्रजी सक्तीचं आहे. दुसरी मेख टक्क्यांची. मुक्त विद्यालयात 33 टक्क्यांना पास, पण जीएनएमला इंडियन नर्सिंग कौन्सिलची अट एकूण 40 टक्क्यांची, आणि इंग्रजीतही तितकेच. बीएस्सीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून 45, अनुसूचित जाती-जमातींना 40. तेव्हा "पास झाले" एवढ्यावर खूश होऊ नये.

विषयांच्या त्याच रकान्यात पुढचा सगळा रस्ता ठरतो. आर्ट्स घेतलं तर बीएस्सी नर्सिंगचं दार बंद, जीएनएमचं उघडं. सायन्स घेतलं तर दोन्ही उघडी, पण बारावी जड.

याबाबतीत आमच्या घरातच तुलना तयार आहे. मी आणि माझी मामेबहीण, दोघींची शाळा एकाच वर्षी सुटली. मी आर्ट्स घेऊन जीएनएम केलं, तिने सायन्स घेऊन बीएस्सी.

तिचं बारावीच लांबलं. मुक्त विद्यालयात सायन्स म्हणजे पुस्तकं घरी आणि शिकवणारं कुणी नाही, वर प्रॅक्टिकलसाठी अभ्यासकेंद्रात हजेरी. फिजिक्स दोनदा राहिलं. भंवरकुआँला कोचिंग लावलं तर तिथे वर्ग नीटच्या मुलांचे, ही मागच्या बाकावर. मी तोपर्यंत जीएनएमच्या पहिल्या वर्षात पोचलेही होते आणि मामींना उगाच टोमणे ऐकावे लागत होते.

पण पहिल्या वर्षी माझी जी गत झाली ती तिची झाली नाही. अॅनाटॉमीच्या पहिल्या तासाला मॅडमनी फळ्यावर मानेच्या स्नायूचं नाव लिहिलं, स्टर्नोक्लायडोमास्टॉइड. मी ते वहीत देवनागरीत चार तुकडे करून लिहिलं आणि रात्री हॉस्टेलच्या जिन्यात पाठ केलं. पेशी कशाला म्हणतात इथपासून माझी सुरुवात. ती मात्र बारावीत हे सगळं एकदा करून आली होती. आर्ट्सवाल्या मुलीला जीएनएमचं पहिलं वर्ष जड जातं, हे कुणी आधी सांगत नाही म्हणून मी सांगते. गणिताची भीती मात्र फुकाची. 500 मिलीलीटर सलाईन चार तासांत द्यायचं, सेट मिलीलीटरला 20 थेंबांचा, तर मिनिटाला किती? पाचशे गुणिले वीस, भागिले दोनशे चाळीस. साधारण 42. पाचवीतलं त्रैराशिक आलं की झालं.

वॉर्डात आमच्यात काही फरक नाही. दोघींनाही रुग्ण "सिस्टर"च म्हणतात, रात्रपाळी दोघींना तितकीच, आणि सकाळच्या हँडओव्हरला चार्टवर काही राहिलं तर बोलणी दोघी खातात. फरक सरकारी फॉर्मवर दिसतो. एम्सच्या नर्स भरतीच्या नॉरसेट परीक्षेला बीएस्सीवाली शिकून निघाली, नोंदणी झाली की बसू शकते. जीएनएमवालीला आधी किमान 50 खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. म्हणून मी पोरींना सांगते, पहिली नोकरी धरताना अर्धा पाऊण हजार पगार कमी चालेल, पण खाटा मोजा. वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये काढलेली दोन वर्षं तिथे उपयोगाची नाहीत.

पुढे शिकवण्यात किंवा एमएस्सीत जायचं असेल तर जीएनएमनंतर पोस्ट बेसिक बीएस्सी दोन वर्षांचं करावं लागतं. म्हणजे तीन अधिक दोन, पाच. बीएस्सीवालीचे चार. कागदावर मी एक वर्ष हरले. पण तिची बारावी लांबली होती आणि मधली दोन वर्षं माझ्या हातात पगार होता, त्यामुळे आम्ही दोघी हा हिशेब काढतो तेव्हा भांडणच होतं.

एएनएमबद्दल थोडक्यात. उपकेंद्र, लसीकरण, बाळंतपणं, गावोगाव फिरणं हे आवडत असेल तर जरूर करा. एएनएमची नोंदणी झाल्यावर पुढे जीएनएमला जाता येतं. पण शहरातल्या मोठ्या रुग्णालयाचा वॉर्ड डोळ्यांसमोर असेल तर दोन वर्षं तिकडे घालण्यापेक्षा थेट जीएनएम बरं.

प्रवेशाची रीत: आपल्याकडे मध्य प्रदेशात सरकारी बीएस्सीच्या जागांसाठी पीएनएसटी ही परीक्षा आणि जीएनएमसाठी वेगळी निवड परीक्षा, दोन्ही कर्मचारी चयन मंडळाच्या, म्हणजे जुन्या व्यापमच्या. कौन्सिलची अट किमान असते, राज्य ती कडक करू शकतं. तेव्हा आर्ट्सवाल्या मुलीने त्या वर्षीची नियमपुस्तिका मुक्त विद्यालयाचा फॉर्म भरायच्या आधी वाचावी, बारावी झाल्यावर नव्हे. पुण्याला आत्याकडे पाठवू म्हणणाऱ्यांनीही लक्षात घ्यावं, महाराष्ट्रात बीएस्सी नर्सिंगला वेगळी सीईटी आहे आणि डोमिसाईलचा प्रश्न येतोच.

आणि कॉलेज. मध्य प्रदेशात हे कोर्स निवडण्याइतकंच महत्त्वाचं आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयने 308 नर्सिंग कॉलेजं तपासली, त्यातली 169 योग्य ठरली, बाकीच्यांत त्रुटी निघाल्या किंवा ती अयोग्य ठरली. मग मे 2024 मध्ये तपास करणारे सीबीआयचेच अधिकारी लाच घेताना पकडले गेले आणि त्या 169 ची फेरतपासणी करायचा आदेश निघाला. या सगळ्यात मुलींच्या परीक्षा रखडल्या. दोन खोल्या आणि सरावाचा एक पुतळा एवढ्यावर चालणारी कॉलेजं या भानगडीत उघडी पडली. तेव्हा प्रवेशाआधी एकदा सकाळी आठला जाऊन बघा: मुलींना क्लिनिकलला, म्हणजे रुग्णालयातल्या सरावाला, नेणारी बस कुठे जाते? एमवायसारख्या मोठ्या रुग्णालयात जाते की जातच नाही? गेटवरचा चहावाला हे प्राचार्यांपेक्षा खरं सांगतो.

काकूंच्या मुलीला मी तिचं मत विचारलं. आईच बोलत होती, ती पोह्यांच्या बशीतली शेव निवडत होती. मग म्हणाली, "मावशी, मला बायोलॉजी आवडायचं. फिजिक्सचीच भीती आहे." दुकान संध्याकाळी पाचला सुटलं तर अभ्यास जमेल, पण सणासुदीत नऊ वाजतात.

मी तिला सायन्सच घ्यायला सांगितलं. माझ्या मामेबहिणीची दोन वर्षं गेली हे माहीत असूनही, कारण हिचं वय एकोणीस आहे, बायोलॉजीची आवड आहे, आणि सायन्सची बारावी झाल्यावर बीएस्सी नाही जमलं तरी जीएनएम हातात राहतं. आर्ट्सवरून उलटं फिरता येत नाही. बावीस-तेविसाची असती, पदरात मूल असतं, तर मी आर्ट्स आणि जीएनएम म्हणाले असते आणि पहिल्या वर्षाची माझी अॅनाटॉमीची वही तिला दिली असती.

फॉर्म भरायला रविवारी ये म्हटलंय. दहावीची मार्कशीट, शाळेची टीसी आणि आधार, प्रत्येकी तीन झेरॉक्स. भाषेच्या रकान्यात इंग्रजीवर टिक मी स्वतः बघणार आहे.