‘बोर्ड गेलाय’ म्हणाले, तर आधी पंख्याखालची धूळ बघा

कोथरूडमधल्या एका घरातला संगणक सुरू होताना अडकायचा. लोगो यायचा, खाली ठिपके दोन-चार फेरे मारायचे आणि तिथेच थिजायचे. कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा मात्र सतत पेटलेला. दुकानदाराने पाच मिनिटांत निकाल दिला: बोर्ड (सगळे भाग जोडणारा मदरबोर्ड) गेलाय, हार्ड डिस्कही जायला आलीय. बोर्ड बदलल्याचे ३,५००, नव्या २४० जीबी एसएसडीचे (हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्कचे) २,२००, विंडोजचे ८००, एकूण ६,५०० रुपये. बिल कच्चं. आठ दिवसांत मशीन पुन्हा तिथेच अडकलं.

कॅबिनेट उघडल्यावर प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीचा जुना थर जसाच्या तसा होता. बोर्ड बदलायचा तर पंखा काढून नवी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारा लेप) लावावीच लागते. म्हणजे बोर्डाला कुणी हातही लावला नव्हता. क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट प्रोग्रॅममध्ये ‘नव्या’ एसएसडीचे पॉवर ऑन अवर्स, म्हणजे चालू राहिल्याचे तास, निघाले ११,०००. रात्रंदिवस चालू धरली तरी सव्वा वर्ष वापरलेली!

खरा दोष होता साटा केबलचा, म्हणजे डिस्क बोर्डाला जोडणाऱ्या वायरीचा. तिचं टोक सैल झालं की डेटा वाटेत बिघडतो, डिस्क तो पुन्हापुन्हा पाठवत बसते आणि विंडोज वाट बघत थांबतं. त्याच प्रोग्रॅममध्ये सी७ ही ओळ पाहा; वाटेत डेटा किती वेळा बिघडला ते ती मोजते. तिथला आकडा कधीच कमी होत नाही, म्हणून तो लिहून ठेवा, केबल बदला आणि चार दिवसांनी परत पाहा. तेवढाच असेल तर रोग केबलचाच होता. ०५ किंवा सी५ या ओळींसमोरचा (डिस्कवरच्या खराब जागांचा) आकडा वाढत असेल, तर मात्र डिस्क खरंच चाललीय. आधी डेटा काढून घ्या. केबल तपकीर गल्लीत शंभराच्या आसपास मिळते.

दुकान गाठण्याआधी प्रिंटर, पेनड्राइव्ह, सगळं यूएसबीवरून काढून मशीन सुरू करून बघा. मग बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर) जाऊन वीस मिनिटं तसंच ठेवा. तिथेही थिजलं तर विंडोज निर्दोष; रॅम, पॉवर सप्लाय किंवा उष्णता यांच्याकडे बघायचं. पुण्याच्या पावसाळी दमटपणात रॅमचे सोनेरी दात काळवंडतात. प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, रॅम काढून दात साध्या खोडरबराने पुसा आणि ‘खट्’ आवाज येईपर्यंत परत बसवा. संगणकाचं घड्याळ रोज मागे पडत असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल बदला. तो ३ व्होल्टचा असतो, मीटरवर २.५ दिसले तर संपलाच समजा. एवढ्यासाठी कुणी विंडोज फॉरमॅट करायला निघाला, तर मशीन उचलून घरी आणा.

मशीन देताना बोर्ड, रॅम आणि डिस्कच्या स्टिकरवरच्या सिरियल नंबरांचे फोटो काढा आणि जॉबशीटवर (मशीन जमा केल्याच्या पावतीवर) ‘जुने भाग परत’ असं लिहून घ्या. पक्क्या बिलावर नव्या भागाचा सिरियल नंबर हवाच. नंतरची तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर करता येते, पण कच्च्या बिलावर सिद्ध काय करणार?

इथे एसएसडीचे पैसे तासांचा आकडा दाखवल्यावर निमूटपणे परत मिळाले. जुनी हार्ड डिस्क मात्र ‘भंगारात गेली’. तिच्यावर घरचे फोटो आणि आयकराची विवरणपत्रं होती.